मोटरहोमच्या छताचे जोड आणि सीलंट : आणखी एक थर देण्यापूर्वी

कोल्हापुरातील एका कुटुंबाने ट्रॅव्हलर मिनीबसच्या चासीवर बांधलेले जुने मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, विकत घेतले आहे. छत अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, आतून प्लायचे अस्तर, मध्यभागी स्कायलाईट (उजेडासाठी छतात बसवलेली पारदर्शक खिडकी) आणि मागच्या बाजूस सोलर पॅनेल अशी त्याची रचना आहे. गेल्या पावसाळ्यात गगनबावड्यामार्गे कोकणात उतरताना स्कायलाईटपासून हातभर अंतरावर आतल्या अस्तरावर ओल दिसली. गॅरेजमधील कारागिराने वरून सिलिकॉनचा थर दिला, ओल थांबली, आणि यंदाच्या वळवानंतर पुन्हा त्याच जागी उमटली. आता पुन्हा सिलिकॉन मारावे का, आणि दर वर्षी छताची देखभाल नेमकी कशी करावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : पुन्हा सिलिकॉन मारू नये. गाड्यांच्या बॉडी बांधण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामात अनेक वर्षे घालवल्यावर मला असे ठामपणे वाटते की छताच्या बहुतेक गळत्या सीलंट कमी पडल्यामुळे होत नाहीत, तर जोड हलतो ही गोष्ट काम करणाऱ्याने विचारात न घेतल्यामुळे होतात. घराच्या स्लॅबवरची भेग आणि गाडीच्या छतावरचा जोड यांत हाच मूलभूत फरक आहे. गाडी रस्त्यावर धावताना तिचा सांगाडा पिळवटतो, आणि ती नुसती उभी असतानाही उन्हाने तिचे छत रोज वाढते आणि रोज आकसते.

ही वाढ किती असते याचा हिशेब एकदा करून पाहावा. मे महिन्यात कोल्हापुरात पहाटे २० ते २२ अंशांवर असलेला छताचा पत्रा दुपारच्या उन्हात ६० अंशांच्या पुढे सहज जातो. सहा मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडल्यास सुमारे साडेपाच मिलिमीटर लांब होतो. त्याच लांबीचा पोलादी सांगाडा तेवढाच तापला तरी जेमतेम तीन मिलिमीटर वाढतो, आणि प्रत्यक्षात तो आतल्या बाजूस असल्यामुळे तेवढा तापतही नाही. म्हणजे पत्रा आणि सांगाडा यांच्यात निदान अडीच मिलिमीटरची सरकासरकी रोज होते. स्कायलाईटची प्लास्टिकची चौकट तर तापमानाच्या त्याच फरकाला अॅल्युमिनियमच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक वाढते, त्यामुळे ७० सेंटिमीटरच्या चौकटीतही कडेशी एक मिलिमीटरहून अधिक फरक पडतो. आता जोडावरचा सीलंटचा थर एकच मिलिमीटर जाड असेल, तर त्याने स्वतःच्या जाडीहून अधिक ताणले जावे अशी आपण त्याच्याकडून अपेक्षा करत असतो. तोच थर चार-पाच मिलिमीटर जाड असेल, तर तेवढीच हालचाल त्याला सहज पेलते. पातळ फासलेले सीलंट दिसायला सफाईदार असते, पण तेच आधी फाटते.

वळवानंतर ओल पुन्हा दिसली, यामागेही हेच कारण आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. दुपारभर तापलेल्या छतावर संध्याकाळी अचानक वळीव कोसळतो, कधी त्यात गाराही असतात, आणि ६० अंशांवरचा पत्रा काही मिनिटांत ३० अंशांपर्यंत उतरतो. पत्रा झपाट्याने आकसल्याने जोडावर ताण येतो. त्याच वेळी पत्रा आणि अस्तर यांच्यामधल्या पोकळीतील हवाही गार होऊन सुमारे ९ टक्क्यांनी आकसते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी बाहेरून जे मिळेल ते आत ओढले जाते. एखाद्या स्क्रूशेजारी सुईएवढे छिद्र असेल आणि त्यावर पाणी साचलेले असेल, तर ते पाणी आत शोषले जाते. म्हणूनच जे छत आषाढातल्या संथ, दिवसभराच्या पावसात कोरडे राहते, ते वैशाखातल्या अर्ध्या तासाच्या वळवात गळू शकते.

महामार्गावरही असाच एक प्रकार घडतो. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली असता समोरच्या भागावर हवेचा जो दाब पडतो, तो पाण्याचा सुमारे तीन सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरण्याइतका असतो. म्हणजे चालकाच्या केबिनवरील पुढे आलेल्या भागाच्या जोडात पाणी उताराच्या उलट दिशेने तीन सेंटिमीटर चढू शकते. दारात उभी असताना न गळणारी गाडी पुणे-बंगळूर महामार्गावर पावसात चालवली की गळते, ही तक्रार म्हणूनच खरी असते. अशा वेळी पुढच्या कडेचा जोड आणि तिथले छोटे दिवे प्रथम तपासावेत.

आता सिलिकॉनविषयी. बाजारात सर्वत्र मिळणारे, लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन वाळताना अॅसिटिक आम्ल सोडते आणि ते गॅल्व्हनाइज्ड पत्रा, तांबे यांसारख्या धातूंना खाते. तरीही त्याचा मोठा दोष हा नव्हे. सिलिकॉन एकदा लागले की त्याच्यावर दुसरे काहीही धड चिकटत नाही : रंग नाही, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट नाही, आणि वाळलेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉनही भरवशाने नाही. त्यामुळे जुन्या थरावर दिलेला नवा थर खालच्या पृष्ठभागाला धरून नसतो, तो नुसता वर बसलेला असतो. पाणी त्याच्या कडेने आत शिरते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने आतच राहते. या गाडीत हेच झाले असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते.

मग काय वापरावे? इथे दोन वेगळी कामे दोन वेगळे पदार्थ करतात, हे ध्यानात घ्यावे. स्कायलाईटच्या चौकटीखाली, सोलर पॅनेलच्या पायांखाली, शिडीच्या आणि ऑनिंगच्या (गाडीच्या बाजूला उलगडणाऱ्या कापडी छपराच्या) पट्टीखाली जे दाबले जाते, ते खरे सील. त्यासाठी ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबराची पट्टी, वापरावी. साधारण तीन मिलिमीटर जाडीची ही टेप वर्षानुवर्षे मऊ आणि चिकट राहते, कधी कडक होत नाही, आणि पत्रा सरकला की त्याच्यासोबत सरकते. पुट्टीसारख्या स्वस्त पट्ट्या दिसायला तशाच असतात, परंतु त्या काही वर्षांत सुकून तडकतात. चौकटीच्या कडेने वरून जो सीलंट दिला जातो, तो दुसरा बचाव. त्याचे काम पाणी आणि ऊन यांना ब्यूटाइलपर्यंत पोहोचू न देणे एवढेच आहे. वरच्या थराने खालच्या सीलचे काम करावे अशी अपेक्षा धरली की घोटाळा होतो.

वरच्या थरासाठी मी एमएस पॉलिमर जातीचा सीलंट पसंत करतो. पॉलियुरेथेन, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे पीयू म्हणतात, त्याची पकड उत्तम असते आणि बॉडीच्या आतल्या जोडांना तो फार चांगला आहे, मात्र उघड्या उन्हात त्याचा पृष्ठभाग खडूसारखा भुकटी होऊन बारीक भेगाळतो. शिवाय अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक घुमटाला काही पीयू आणि त्यांचे प्रायमर लागले तर त्या प्लास्टिकमध्ये केसासारख्या चिरा पडतात. म्हणून ट्यूबवरील सूचनांमध्ये आपल्या छताचा पदार्थ आणि स्कायलाईटचा पदार्थ या दोघांचाही उल्लेख आहे का, हे विकत घेण्यापूर्वी वाचावे. परदेशी बनावटीच्या काही मोटरहोमना रबराच्या पडद्याचे छत असते. त्यांना पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन यांचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण त्याने ते रबर फुगते. आपल्याकडे बांधलेल्या बहुतेक गाड्यांवर अॅल्युमिनियम, गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा फायबर यांपैकीच काहीतरी असते.

ओल जिथे दिसते तिथेच छिद्र असते, असे धरून चालू नये. पाणी पत्र्याखालून सांगाड्याच्या पट्टीवर येते, पट्टीच्या उताराने वाहते आणि जिथे अस्तराला सांधा किंवा दिव्याचे भोक सापडते तिथे उतरते. गाडी कोणत्या बाजूस कललेली होती, यावरही ती जागा बदलते. शोध घेण्यासाठी एक माणूस आत बॅटरी घेऊन बसावा आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने, जोराचा फवारा न मारता, पाणी सोडावे. सुरुवात सर्वांत खालच्या जोडापासून करावी, एका जागी निदान दहा मिनिटे पाणी वाहू द्यावे आणि मगच वर सरकावे. वरून सुरुवात केली तर खाली वाहत आलेले पाणी कुठल्या जोडातून शिरले ते कधीच कळत नाही. याहून नेमकी पद्धत म्हणजे गाडीची दारे-खिडक्या आणि इतर उघडी भोके बंद करून ब्लोअरने आत हवेचा अगदी हलका दाब निर्माण करावा आणि बाहेरून जोडांवर साबणाचे पाणी फवारावे. जिथे बुडबुडे येतात तिथे वाट आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत बॉडीचे काम करणाऱ्या कोणाकडेही त्यासाठी लागणारा ब्लोअर मिळू शकतो. प्रेशर वॉशरने मात्र छताची तपासणीही करू नये आणि धुलाईही करू नये. त्याच्या धारेने चांगला जोडही उचकटतो.

ओलाव्याचे माप घेणारे मॉइश्चर मीटर जवळ असेल तर फार उपयोग होतो, पण पावसाळ्यात त्याचा आकडा वाचताना सावध राहावे. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता इतकी असते की पूर्णपणे न गळणाऱ्या गाडीतील प्लायही १७-१८ टक्के दाखवू शकते. म्हणून त्याच गाडीतील, छतापासून दूर असलेल्या एखाद्या खात्रीच्या कोरड्या जागेचा आकडा आधी घ्यावा आणि संशयित जागेची त्याच्याशी तुलना करावी. फरक चार-पाच टक्क्यांचा आला तर पाणी बाहेरून येत आहे. लाकूड दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिले की कुजण्याचा धोका सुरू होतो, आणि अस्तर अंगठ्याने दाबल्यावर दबत असेल तर ती अवस्था येऊन गेली आहे असे समजावे. अशा ठिकाणी वरून कितीही उत्तम सील केले तरी ते टिकत नाही, कारण स्क्रूला धरायला खाली लाकूडच उरलेले नसते. तेवढा तुकडा कापून, सांगाडा पूर्ण वाळवून नवी मरीन प्लाय बसवावी लागते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. या गाडीचे स्कायलाईट पूर्ण काढावे, यात काटकसर करू नये. सर्व स्क्रू काढल्यावर कडेने प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी सरकवत चौकट सैल करावी. स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यास पत्र्याला पोचा येतो आणि त्या खोलगट भागात कायमचे पाणी साचते. जुने सीलंट काढायला हीट गनची मंद आच आणि प्लास्टिकचे खरवडणे पुरते. सिलिकॉनचा मात्र अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा थरही उरू देऊ नये. तो राहिला आहे का हे ओळखण्याची सोपी रीत अशी की त्या जागी पाण्याचे थेंब सोडावेत : पाणी पसरून पातळ झाले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, मोत्यासारखे गोळा होऊन राहिले तर सिलिकॉन किंवा तेल अजून आहे. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कोऱ्या पांढऱ्या फडक्याने, एकाच दिशेने पुसून द्यावा आणि फडके वारंवार बदलावे. गॅरेजमध्ये पेट्रोलचा बोळा फिरवण्याची जी सवय आहे ती इथे घातक आहे, कारण पेट्रोल उडून गेल्यावर मागे तेलकट पापुद्रा राहतो. आगीचा धोका तर आहेच.

स्वच्छतेबाबत आपल्या भागाची एक खास अडचण आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत चिमण्यांतून उडणारी काजळी आणि बगॅसची (उसाच्या चिपाडांची) राख गावोगावच्या छतांवर बसते, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या बाजूला गाडी उभी असेल तर तिच्यात फौंड्रीची बारीक धूळही मिसळते. हा थर दवाने भिजून वाळला की नुसत्या फडक्याने निघत नाही. सकाळी पुसलेली जागा दुपारपर्यंत पुन्हा माखलेली असू शकते. त्यामुळे छत आधी सौम्य साबणाने धुऊन एक दिवस वाळू द्यावे, अल्कोहोलने पुसावे आणि पुसल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत सीलंट लावावे.

ब्यूटाइल टेप चौकटीच्या खालच्या बाजूस सलग लावावी, कोपऱ्यात न ओढता. ओढलेली टेप परत आकसते आणि कोपरा उघडा पडतो. दोन टोके एकमेकांवर चढवून दाबावीत. प्रत्येक भोकात स्क्रू घालण्यापूर्वी त्याच्या मानेभोवती ब्यूटाइलची छोटी कडी गुंडाळावी. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत, परंतु अॅल्युमिनियमशी त्यांचा थेट संपर्क आणि त्यात पाणी असे झाले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून ही कडी दुहेरी काम करते. स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे करत आवळावेत आणि ब्यूटाइल सर्व बाजूंनी सारखी बाहेर डोकावली की थांबावे. जोर लावून आवळल्यास सारी टेप बाहेर येते आणि आत काहीच उरत नाही. दोन-तीन दिवस उन्हात राहिल्यावर ब्यूटाइल आणखी बसते, तेव्हा स्क्रू पुन्हा एकदा हलके आवळून बाहेर आलेला भाग कापून टाकावा, आणि त्यानंतरच वरचा सीलंट द्यावा. या दोन-तीन दिवसांची वाट पाहण्यास कारागीर सहसा तयार नसतात. ते काम घाईने उरकले जात असेल तर मालकाने ठामपणे थांबवावे.

वरचा थर देताना दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, सहा मिलिमीटर रुंद आणि जवळपास तेवढीच जाडी राहील अशी सलग रेघ सोडावी. ३१० मिलिलिटरच्या एका ट्यूबमध्ये अशी सुमारे साडेआठ मीटर रेघ निघते, त्यावरून किती ट्यूब लागतील याचा अंदाज घेता येतो. स्क्रूंची डोकीही झाकावीत. काम सकाळी लवकर किंवा छताखाली करावे. हाताला चटका बसेल इतक्या तापलेल्या पत्र्यावर लावलेल्या सीलंटखाली हवेचे फुगे येतात. हे सीलंट हवेतील ओलाव्याने पक्के होतात आणि बाहेरून आत साधारण २४ तासांत दोन-तीन मिलिमीटर या गतीने वाळतात, त्यामुळे सहा मिलिमीटरच्या रेघेला दोन-तीन दिवस द्यावेत आणि तोवर गाडी हलवू नये.

छतावर एसी असेल तर त्याचा नियम वेगळा आहे. त्याच्याखाली जाड फोमची गॅस्केट (पाणी अडवणारी गादी) असते आणि ती आतून चार बोल्टांनी दाबलेली असते. तिला सीलंट लावायचा नसतो. बोल्ट सैल झाले असतील तर उत्पादकाने सांगितलेल्या मापापर्यंत ते सारखे आवळावेत, आणि गॅस्केट चेपटून कडक झाली असेल तर ती बदलावी. एसी चालू असतानाच पाणी ठिबकत असेल, तर ते पावसाचे नसून एसीचेच आहे आणि निचऱ्याची वाट तुंबली आहे.

दर वर्षीच्या देखभालीसाठी मी दोन वेळा सुचवतो : दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण थांबल्यावर, आणि एप्रिलमध्ये, वळीव सुरू होण्यापूर्वी. मृगाच्या तोंडावर तपासणी केली तर दोष सापडूनही तो दुरुस्त करायला कोरडे दिवस मिळत नाहीत. छतावर चढताना फोमवर ठेवलेली प्लायची फळी टाकून तिच्यावर वजन द्यावे, पत्र्यावर थेट पाय ठेवू नये, आणि खाली शिडी धरणारा माणूस असावा. प्रत्येक जोडावर नखाने हलकेच दाबून पाहावे. कड उचलली जाते का, सीलंट कडक झाला आहे का, स्क्रूभोवती काळी किंवा पांढरी वलये दिसतात का, एवढेच पाहायचे असते. प्रत्येक जोडाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर पुढच्या वेळी फरक लगेच कळतो. कड एखाद्या ठिकाणी सुटली असेल आणि जुना सीलंट सिलिकॉन नसेल, तर तेवढा भाग कापून स्वच्छ करून त्याच जातीच्या सीलंटने भरणे पुरेसे आहे. सर्व काही दर वर्षी उकरण्याची गरज नाही.

गाडी उभी करताना तिचे नाक किंवा शेपूट एखाद्या फळीवर चढवून थोडा उतार ठेवावा, म्हणजे सपाट छतावर पाणी साचत नाही. निळी प्लास्टिकची ताडपत्री थेट छतावर बांधू नये. ती वाऱ्याने घासून जोड सोलते आणि खाली वाफ कोंडते. शक्य असेल तर चारी बाजूंनी मोकळी पत्र्याची शेड उभारावी. ऊन आणि पाऊस दोन्ही अडवणारा याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही.

पाऊस सुरू होण्यापूर्वी हे सारे काम उरकता आले नाही, तर यंदापुरती तात्पुरती सोय करावी. आठ-दहा दिवसांची उघडीप मिळेल तेव्हा स्कायलाईटभोवतीचा सुटा झालेला सिलिकॉन खरवडून, जागा पूर्ण कोरडी करून, छतांसाठी मिळणारी अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्यूटाइलची रुंद टेप चौकट आणि पत्रा या दोघांवर निम्मी-निम्मी येईल अशी लावावी आणि रोलरने घट्ट दाबावी. जिथे सिलिकॉनचा अंश राहिला आहे तिथे तीही धरणार नाही, म्हणून टेप त्या भागाच्या पलीकडे दोन-तीन सेंटिमीटर स्वच्छ पत्र्यावर गेली पाहिजे. आतील ओल्या जागेचे अस्तर सैल करून पोकळीला हवा लागू द्यावी, गाडीत छोटा पंखा चालू ठेवावा, आणि ओलीची कड पेन्सिलने आखून तारीख लिहावी. पाऊस पडून गेल्यावर ओल त्या रेषेच्या बाहेर गेली, तर घाटातला प्रवास यंदा रद्द करून गाडी शेडखाली ठेवावी आणि दिवाळीनंतर स्कायलाईट उघडण्याचे काम हाती घ्यावे.